गोंदाविना कोलाज: मादाम झो यांचं कापड आणि तीन अवघड बाणे

व्हिडिओ कॅसेटमधली फीत हातात घेऊन दोन बोटांत चोळली तर ती सरकते, कुठे अडकत नाही. गाठ मारली तर सुटते. वर्तमानपत्राच्या पट्टीचं उलट असतं: ती अडकते, पण ओढली की फाटते. तांब्याची तार ना सरकते ना फाटते, पण एकदा वाकवलेली जागा लक्षात ठेवते आणि तिथेच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. या तिन्ही वस्तू एकाच मागावर बाणा म्हणजे आडवा धागा म्हणून घालायच्या आणि त्यातून भिंतीवर टांगण्याजोगं, वर्षानुवर्षं टिकणारं कापड काढायचं, हा या अभ्यासाचा विषय.

मादागास्करमध्ये हे काम ज्या नावाशी जोडलेलं आहे ते म्हणजे मादाम झो, पूर्ण नाव झोआरिनिवो राझाकारात्रिमो (१९५६–२०२०). वर्तमानपत्रं, चुंबकीय फिती, तांबं, लाकडाचे छिलके, औषधी वनस्पती, हाडं, फोम, इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे सुटे भाग असं पुष्कळ काही त्यांनी कापडात विणलं. राजधानी अंतानानारिवोच्या अंबातोमेना भागात फोंदासिओं आश या कलासंस्थेची नवी, सुमारे २,२०० चौरस मीटरची वास्तू एप्रिल २०२३मध्ये खुली झाली ती त्यांच्याच कामांच्या मोठ्या प्रदर्शनाने. बोनाव्हेंचर सो बेजेंग न्दिकुंग आणि बेरेनिस सालिऊ यांनी ते मांडलं होतं. प्रदर्शनाच्या फ्रेंच नावाचा अर्थ होतो, ‘लवकरच मी तुम्हा सगळ्यांना विणून टाकीन’.

या कामाला कोलाज म्हणावं का, असा प्रश्न येतो. आमचं उत्तर ठामपणे ‘हो’ असं आहे. दुसरीकडून फाडून आणलेले तुकडे, त्यांचं मूळ ओळखू येईल अशा बेताने एकत्र आणणं म्हणजे कोलाज. इथे फरक एवढाच, की तुकडे मागे आधाराला कागद किंवा कापडाची पाठ घेऊन तिला चिकटवलेले नाहीत. गोंद नाही, पाठ नाही. ताण्याचा म्हणजे उभ्या धाग्यांचा दाब आणि धाग्यांचं घर्षण यांवर सगळं उभं आहे. म्हणून टाकाऊ वस्तू इथे सजावट राहत नाही, तीच कापडाचा निम्मा सांगाडा होते, आणि तिचा प्रत्येक गुणदोष कापडाचा गुणदोष होतो.

मागची परंपरा

मादागास्करमध्ये विणकाम हे बायकांचं काम. जुना माग जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा पसरलेला, एकच स्थिर वही (ताण्याचे एकआड एक धागे उचलून धरणारी दोऱ्यांची रांग) असलेला. आपल्या येवल्या-पैठणच्या खड्ड्यातल्या मागापेक्षा तो खूपच साधा. त्यावर निघणारं कापड म्हणजे लांबा. उंच पठारी भागात तो रेशमाचा असे. पाळीव किड्याचं रेशीम वेगळं आणि तापिया झाडांवरच्या रानकिड्याचं, ‘लांदिबे’ नावाचं जाडसर रेशीम वेगळं. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीत टसर आहे, तिथे लांदिबे. मृतांना गुंडाळायचं कापड ‘लांबामेना’ याच रेशमाचं. जादा बाण्याने नक्षी काढलेला ‘आकोतोफाहाना’ हा दरबारी प्रकार. राणी रानावालोना तिसरी हिने १८८६मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना अशी दोन रेशमी कापडं भेट पाठवली होती.

तिथे कापडाला इतका मान आहे हे लक्षात घेतलं, तरच त्यात कॅसेटची फीत घालणं किती धीट पाऊल होतं ते कळतं. मागाचं तंत्र मोडलेलं नाही, विण साधीच आहे, एक वर एक खाली. बदलला तो फक्त बाणा.

नमुना पट्टी आणि तिची मापं

पुढची सगळी मापं ६० सेंमी रुंद, १०० सेंमी लांब अशा अभ्यासाच्या नमुना पट्टीची आहेत, झो यांच्या कुठल्या एका कलाकृतीची नाहीत. खालून वर क्रम असा: ३० सेंमी तांबं, ४० सेंमी फीत, ३० सेंमी वर्तमानपत्र. वजनदार तांबं खाली ठेवलं की टांगलेलं कापड सरळ पडतं.

ताणा २/२० नंबरच्या, म्हणजे २० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेल्या सुती दोऱ्याचा. सेंटिमीटरला ४ धागे धरले तर ६० सेंमीला २४०, आणि दोन्ही काठांना दुहेरीसाठी चार-चार जादा, एकूण २४८. ताण्याची लांबी १८० सेंमी: १०० तयार कापडाची, सुमारे १० विणीच्या लाटेत खपणारी, ७० मागाला बांधण्यात वाया जाणारी. म्हणजे साधारण ४४६ मीटर सूत, वजन जेमतेम २६-२७ ग्रॅम. ताणा एवढा विरळ ठेवायचं कारण, बाणा दिसला पाहिजे. सेंटिमीटरला ८-१० धागे घातले तर वर्तमानपत्र झाकून जातं आणि मग जुनी सुतळी वापरली असती तरी चाललं असतं. उलट २-३ धाग्यांवर फीत धरूनच राहत नाही. ४ हा तिन्ही बाण्यांना जेमतेम चालणारा आकडा आहे.

‘विणीच्या लाटेत खपणारी’ लांबी सगळीकडे सारखी नसते, आणि बरीचशी फजिती इथून सुरू होते. कागदाची पीळ दिलेली दोरी जाड. तिच्यावरून खालून जाताना ताणा १५ ते २० टक्के खपतो. फीत आणि ०.४ मिमीची तार पातळ. तिथे ५ टक्क्यांच्या आसपास. पूर्ण रुंदीचे आडवे पट्टे विणले तर प्रत्येक ताणा तिन्ही पट्ट्यांतून सारखाच जातो, हिशेब जुळतो. पण डावीकडे कागद आणि उजवीकडे फीत असे शेजारी-शेजारी चौकोन विणायला घेतले, तर डावे ताणे लवकर खपून ताठ होतात आणि उजवे सैल पडून लोंबतात. पंधरा-वीस सेंमी विणल्यावर उजवीकडचा भाग पोटासारखा फुगतो. पैठणीत मोर, मुनिया, आसावली असे कितीही वेगळे बाणे शेजारी येतात आणि तरी कापड सपाट राहतं, कारण ते सगळे रेशमी आणि जवळपास एकाच जाडीचे असतात. भंगारातल्या बाण्यांना ती सवलत नाही. चौकोन हवेच असतील तर दोन्ही बाजूंच्या बाण्यांची जाडी आधी सारखी करून घ्यावी लागते: फीत चार पदरी करून पिळायची, किंवा कागदाची पट्टी निम्म्या रुंदीची कापायची.

वर्तमानपत्र

वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास. त्याला आडवा-उभा तंतू असतो. पान एका दिशेने फाडलं तर सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. सरळ फाटण्याची दिशा ती तंतूची दिशा, आणि पट्ट्या त्याच दिशेने कापायच्या. मोठ्या आकाराच्या दैनिकात ही दिशा बहुधा पानाच्या उंचीची असते, लहान आकाराच्या पत्रात आडवी. न तपासता कापलेल्या आडव्या तंतूच्या पट्ट्या धोट्याच्या (बाणा आरपार नेणाऱ्या साधनाच्या) दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच तुटतात.

पट्टी ३ सेंमी रुंद. ओल्या करून पिळलेल्या सुती फडक्यात पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवायची आणि मग हलका पीळ द्यायचा. ३ मिमीच्या आसपास जाडीची दोरी होते. जास्त ओली केली तर कागदात ताकदच उरत नाही, पिळतानाच लगदा होतो. कोरडी पिळली तर घडीवर तडे जातात आणि काठ पिंजतात. पिळताना छापील बाजू कुठे जाते इकडे लक्ष असावं: पीळ सैल ठेवला तर दोन-दोन अक्षरं, मथळ्याचा ठसठशीत काळा, फोटोतला एखादा राखाडी तुकडा पृष्ठभागावर राहतो. जवळ गेल्यावर एखादं अर्धं ‘a’, एखाद्या आकड्याचं पोट दिसतं, वाचता मात्र काही येत नाही. घट्ट पिळलं की नुसती राखाडी दोरी उरते आणि वर्तमानपत्र वापरल्याचा उपयोगच संपतो.

मोठ्या दैनिकाचं दुहेरी पान साधारण ७० × ५५ सेंमी. त्यातून ३ सेंमीच्या २३ पट्ट्या निघतात. सांध्याला ४ सेंमी एकावर एक चढवावे लागतात, म्हणजे एका पट्टीचे कामाचे ५१ सेंमी, एका पानाची सुमारे पावणेबारा मीटर दोरी. ३० सेंमी विणायला सेंटिमीटरला ३ फेऱ्या, एकूण ९०. फेरीला वळणासकट ६६ सेंमी. म्हणजे ६० मीटर. सहा दुहेरी पानं घेतली की पुरतात. सांधा दर फेरीला वेगळ्या जागी सरकवायचा. तीन-चार सांधे एकाखाली एक आले की तिथे उभा उंचवटा दिसतो आणि नंतर कितीही ठोकलं तरी बसत नाही.

वर्तमानपत्राची शाई कागदात मुरून बसते, पुरती वाळत नाही. म्हणूनच पेपर वाचल्यावर बोटं काळी होतात. तीच शाई पांढऱ्या ताण्याला लागते. काही महिने रद्दीत पडलेला पेपर घ्यावा, नाहीतर ताणाच राखाडी किंवा काळा घ्यावा. ताज्या पेपरावर वार्निश मारून शाई बसवण्याचा उपाय काही जण करतात. तो करू नये. कागद कडक होतो, घडीवर तुटतो आणि वार्निश स्वतः पिवळं पडतं.

फीत

घरगुती व्हिडिओ कॅसेटची फीत १२.७ मिमी रुंद, जाडी २० मायक्रॉनच्या आसपास. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर फीत निघते. गाण्याच्या कॅसेटची फीत ३.८१ मिमी, ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर. नमुना पट्टीत व्हिडिओची फीत आहे: ४० सेंमीला ८० फेऱ्या, साधारण ५० मीटर. म्हणजे एका कॅसेटमध्ये अशा पाच पट्ट्या होतात. भंगारातल्या वस्तूंमध्ये इतका स्वस्त आणि इतका लांब अखंड बाणा दुसरा नाही.

वापरण्याआधी चाचणी घ्यावी. पांढऱ्या सुती कापडावर फीत दोन-तीनदा ओढायची. तपकिरी भुकटी लागली, फीत चिकट वाटली किंवा आंबूस वास आला तर ती टाकून द्यायची. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. दमट हवेत ते द्रव्य पाणी शोषून विघटित होतं आणि थर सुटतो. अंतानानारिवो समुद्रसपाटीपासून जवळपास १,३०० मीटरवर असलं तरी नोव्हेंबर ते एप्रिल तिथे पावसाळा असतो. पांढरी बुरशी दिसली तरी तीच वाट. पुसून वापरलेली फीत बाकीच्या कापडाला बुरशी देते.

कॅसेटच्या चकतीवरून फीत टोकाकडून ओढून काढली तर दर वळशाला एक पीळ बसतो. चकती खिळ्यावर फिरती ठेवून, गुंडाळलेली फीत उलगडते तशीच काढायची. फितीची एक बाजू चकचकीत, एक मंद. काठाला वळताना फीत उलटली की ती फेरी वेगळीच चमकते, लांबून रेघ मारल्यासारखी दिसते. हा दोष की सौंदर्य, ते विणणाऱ्याने ठरवावं, पण ठरवून करावं. फीत ताणायची मात्र नाही. पॉलिस्टर एका मर्यादेपलीकडे ताणलं की परत येत नाही, काठ लाटांसारखे वेडेवाकडे होतात, आणि ते सरळ करायचा उपाय नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे घसरण. मागावर ताण असताना सगळं जागच्या जागी बसलेलं दिसतं. कापड मागावरून उतरवून टांगलं की ताणे सरळ होऊ पाहतात, खालचं तांबं त्यांना आणखी ओढतं, आणि गुळगुळीत फिती हळूहळू खाली घसरतात. काही आठवड्यांत फितीच्या पट्ट्यात वरच्या बाजूला उघडी जाळी पडते आणि खाली गठ्ठा होतो. उपाय साधा आहे: फितीच्या दर पाच फेऱ्यांनंतर सुताच्या दोन फेऱ्या घट्ट ठोकायच्या. ८० फेऱ्यांत अशी सोळा कुलपं बसतात. ताण्याच्याच रंगाचं सूत घेतलं तर नजरेला येत नाहीत.

दुसरी गोष्ट रुंदीची. फीत मऊ, त्यामुळे काठ आत ओढले जातात. तार ताठ, ती रुंदी सोडत नाही. लक्ष नसेल तर कापडाला मधोमध कंबर पडते. फितीची प्रत्येक फेरी सरळ न टाकता कमानीत सोडायची आणि मग ठोकायची. शिवाय रुंदीत ताणून धरणारी आडवी पट्टी दर चार-पाच सेंमीला पुढे सरकवायची. तारेला कमान द्यायची नाही. तिची जादा लांबी काठाला टोचऱ्या वळ्या होऊन बाहेर येते.

तांबं

जुन्या टेलिफोन केबलमधली तार ०.४ ते ०.६ मिमीची. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंगची तार यापेक्षाही बारीक मिळते आणि तिच्यावर पातळ लाखेसारखा थर असतो. ०.४ मिमीची तार मीटरला १.१ ग्रॅमच्या आसपास भरते. ३० सेंमीला १२० फेऱ्या म्हणजे सुमारे ७३ मीटर, ८२ ग्रॅम. गंमत म्हणजे वर्तमानपत्राची ६० मीटर दोरीही ८१ ग्रॅमच्या घरात जाते. फीत वीसेक ग्रॅम. सगळी पट्टी २१० ग्रॅमच्या जवळपास, एखाद्या पातळ सुती ओढणीएवढी.

केबलवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढायची पद्धत भंगाराच्या धंद्यात जगभर आहे. ती अजिबात वापरू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषं सुटतात. जवळ काम करणाऱ्याच्या फुप्फुसांत तीच जातात. पातं अडकवलेल्या फळीच्या खाचेतून केबल ओढून साल काढायची. वेळ लागतो, पण तारही चकचकीत निघते.

वाकवल्यावर तांबं कडक होत जातं. काठाला तीच तार वळवून परत आणायची असेल तर वळणात २ मिमीची सुई धरून गोलाई ठेवायची. टोकदार मोड दिला तर तार तिथे आज नाही तर उद्या तुटते, आणि तुटलेलं टोक काठाचा ताणा कापतं. काठाला दुहेरी धागे घालायचे ते यासाठी. आमची पसंती दर फेरीला ६४ सेंमीचा वेगळा तुकडा घालून दोन्ही टोकं दोन-दोन सेंमी आत वळवण्याला आहे. काम दुपटीने वाढतं, काठ मात्र सपाट राहतो.

तांबं आणि वर्तमानपत्र एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असलेला, काळाबरोबर आम्लधर्मी होणारा. ओलाव्यात त्याच्याशी तांब्याची गाठ पडली की हिरवे डाग येतात आणि तांब्याचे क्षार कागदाचे व सुताचे तंतू आणखी लवकर मोडतात. नमुना पट्टीत मध्ये फितीचा ४० सेंमी पट्टा आहे, तो या कामीही येतो. दोन्ही जवळ आणायचेच असतील तर मध्ये सुताच्या आठ-दहा फेऱ्या घालाव्यात आणि लाखेचा थर असलेली वाइंडिंगची तार घ्यावी. तांबं काळवंडलं म्हणून पितांबरी किंवा कुठलंही पॉलिश लावू नये. ते विणीत जाऊन बसतं आणि निघत नाही. काळवंडणं मान्य करून चालावं.

तयार झाल्यावर

घरातली वाकळ फाटली की तिच्यावर दुसरं ठिगळ चढतं. या कापडाला ते करता येत नाही, आणि त्याची निगा राखताना तीन वस्तूंच्या तीन मागण्या एकमेकींशी भांडतात. वर्तमानपत्रात कसर किंवा सुतात किडा शिरला तर संग्रहालयांची नेहमीची रीत म्हणजे हवाबंद पिशवीत उणे ३० अंशांवर तीन दिवस गोठवणं. पण चुंबकीय फीत ८ अंशांच्या खाली न्यायची नसते, तिच्यातलं वंगण बाहेर येऊन पृष्ठभागावर साचतं. मग उरतो प्राणवायू काढून घेण्याचा उपाय: हवाबंद पिशवीत प्राणवायू अर्ध्या टक्क्याच्या खाली आणून तीन-चार आठवडे ठेवणं. महाग आहे, वेळखाऊ आहे, पण तिन्ही वस्तूंना चालतं. झो यांच्यासारख्या वनस्पती विणलेल्या कामांत किडीचा धोका तर कैकपट. फोम असेल तर आणखी एक हिशेब ठेवावा: पॉलियुरेथेन फोम वीस-तीस वर्षांत आपोआप चुरा होऊ लागतो, ते थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं.

प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नको, खिडकीसमोर तर नकोच. वर्तमानपत्र काही आठवड्यांत पिवळं पडू लागतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली, शक्य तर ४०-४५ ठेवली की फितीचं द्रव्य आणि तांबं दोन्ही खूश राहतात, आणि कागद अगदी कोरडाही होत नाही. टांगायला खिळे नकोत: वरच्या काठामागे ८ सेंमी रुंदीची सुती नळी शिवून तिच्यातून दांडी घालायची, म्हणजे भार सगळ्या ताण्यांवर सारखा पडतो.

ठेवताना घडी कधीच घालायची नाही. किमान १५ सेंमी व्यासाच्या नळीवर, आम्लरहित कागद मध्ये घालून, दर्शनी बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं, आणि ताण्याच्या दिशेने. तसं केलं की प्रत्येक तार नळीच्या लांबीला समांतर, सरळ राहते. आडवं गुंडाळलं तर १२० तारा एकदम वाकतात आणि उलगडल्यावर कापड गोल राहतं. सोबत एका पाकिटात प्रत्येक बाण्याचा मीटरभर तुकडा, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख, कॅसेटचा प्रकार, तारेची जाडी लिहून ठेवावी. व्हिडिओ कॅसेटची यंत्रं बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. उद्या फितीच्या चार फेऱ्या बदलायची वेळ आली तर जुळणारा तुकडा त्या पाकिटातच सापडेल.